शेअर्ड गिट रेपोवर पुश कधी होतं, कधी होत नाही (सर्व्हर फक्त कमांड लाइनवर)

अर्धविराम:
नमस्कार मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून विचारतेय. आमच्याकडे एक लिनक्स सर्व्हर आहे, त्याला मॉनिटर नाही, जीयूआय नाही, जे काय करायचं ते एसएसएचने आत शिरून कमांड लाइनवरूनच. त्यावर गिटचा (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) रेपो, म्हणजे कोडचा साठा आहे. कोड बाहेरच्या कुठल्या सर्व्हिसवर ठेवायचा नाही असं वरून ठरलंय, तेव्हा तो पर्याय कृपया सुचवू नका. टीममध्ये सहा जण, प्रत्येकाचं सर्व्हरवर स्वतःचं लॉगिन, सगळे एकाच ग्रुपमध्ये, आणि रेपो साधा गिट इनिट --बेअर करून बनवलेला.

तर होतं असं की पुश (आपले बदल सर्व्हरवर पाठवणं) कधी जातं, कधी जात नाही. सकाळी माझं जातं आणि दुपारी त्याच ब्रँचवर माझंच अडतं. एरर येतो तो असा: "रिमोट रिजेक्टेड, अनेबल टू मायग्रेट ऑब्जेक्ट्स टू परमनंट स्टोरेज". डिस्क भरली असेल म्हणून डीएफ मारून बघितलं तर अर्ध्याहून जास्त रिकामी. कहर म्हणजे एका सहकाऱ्याचं पुश अडलं होतं, त्याने कमिट (नोंदवलेला बदल) अमेंड करून मेसेजमधला एक स्वल्पविराम काढला, बाकी कोडला हातसुद्धा लावला नाही, आणि गेलं की राव!

सीएचमॉड -आर ७७५ मारलं (म्हणजे ग्रुपला लिहायची परवानगी दिली) की थोडे दिवस सगळं गोड, मग ये रे माझ्या मागल्या. रेपो नवीन होता तेव्हा हा त्रास अजिबात नव्हता, हळूहळू वाढत गेलाय. मधे एकदा काहीच न करता आपोआप बरा पण झाला होता, ते तर अजूनच कळलं नाही. कुणाला काही अंदाज?

बॅशबहाद्दर:
७७७ मार आणि क्रॉनमध्ये टाकून दे, दर पाच मिनिटांनी. आमच्याकडे असंच चालू आहे, कुणाची तक्रार नाही.

रात्रपाळी:
बहाद्दर, ते म्हणजे गळक्या नळाखाली बादली ठेवायची आणि दर पाच मिनिटांनी ओतायला माणूस नेमायचा. शिवाय ७७७ म्हणजे त्या मशीनवरच्या कुठल्याही प्रोसेसला आख्खा इतिहास पुसायची मुभा. नको.

अर्धविराम, तुमच्या पोस्टमध्येच उत्तर आहे, त्या स्वल्पविरामात. गिट प्रत्येक गोष्टीचा, म्हणजे फाइलचा मजकूर असो, फोल्डरची यादी असो की कमिट असो, एक हॅश काढतो, म्हणजे मजकुरावरून ठरणारी ओळख, ४० हेक्स अक्षरांची. अशी प्रत्येक गोष्ट म्हणजे एक ऑब्जेक्ट, तो सर्व्हरवर साठवताना हॅशमधली पहिली २ अक्षरं फोल्डरचं नाव होतात आणि उरलेली ३८ फाइलचं. म्हणजे ऑब्जेक्ट्स फोल्डरच्या पोटात ०० पासून एफएफ पर्यंत जास्तीत जास्त २५६ फोल्डर. पण हे २५६ सुरुवातीला नसतात हं, ज्याची गरज पडेल तो त्या क्षणी बनतो, आणि बनतो तो जो पुश करतोय त्याच्या नावाने. तुमचा युमास्क (नव्या फाइल-फोल्डरच्या परवानग्या ठरवणारी सेटिंग) बहुतेक ०२२ असणार, म्हणजे नवा फोल्डर ७५५, म्हणजे मालक सोडून ग्रुपमधल्या इतर कुणालाच त्यात लिहिता येत नाही.

आता समजा ३एफ हा फोल्डर तुमच्या सहकाऱ्याच्या पुशमुळे बनला. उद्या तुमच्या कमिटचा हॅश ३एफ ने सुरू झाला की तुमचं पुश आपटलं. ७सी ने सुरू झाला आणि ७सी अजून कुणी बनवलेलाच नाही तर तुम्ही नवीन बनवाल आणि पुश जाईल. मेसेजमधला स्वल्पविराम काढला की कमिटचा हॅश पूर्ण बदलतो, दुसऱ्या फोल्डरात पडतो, म्हणून ते गेलं. निव्वळ लॉटरी चाललीय तुमची.

सुरुवातीला त्रास नव्हता कारण फोल्डर थोडे होते, जसे भरत गेले तसं आपटायचं प्रमाण वाढलं. सीएचमॉड -आर आत्ता असलेल्या फोल्डरांना बरं करतं, उद्या बनणाऱ्यांना नाही. आणि आपोआप बरं झालं त्याचं कारण बहुतेक गिट जीसी. सुटे ऑब्जेक्ट साधारण ६७०० च्या वर गेले की पुशनंतर गिट स्वतःच साफसफाई करतो, सगळं एका पॅक फाइलमध्ये बांधतो आणि रिकामे झालेले फोल्डर काढून टाकतो, मग परत पाटी कोरी. (गंमत म्हणजे ६७०० मोजायला तो सगळे फोल्डर बघतच नाही, फक्त १७ नावाच्या फोल्डरात किती फाइली आहेत ते बघून अंदाज बांधतो. हॅश सगळीकडे सारखे पसरतात या भरवशावर. आणि भरवसा रास्त आहे.)

अजून एक तपासा, मोठी पुश सहसा जातात आणि छोटी अडतात असं आहे का? कारण १०० किंवा जास्त ऑब्जेक्ट एकदम आले तर गिट ते सुटे करत नाही, आलेला पॅक तसाच ऑब्जेक्ट्समधल्या पॅक फोल्डरात ठेवतो, त्या २५६ च्या भानगडीत पडतच नाही.

पहिला उपाय, सध्याच्याच रचनेत:
रेपोत जाऊन गिट कॉन्फिग कोर.शेअर्डरिपॉझिटरी ग्रुप. यापुढे बनणारे फोल्डर ग्रुपला लिहिता येतील असेच बनतील. मग जुने दुरुस्त करा: सीएचजीआरपी -आर ने सगळ्याचा ग्रुप एक करा, आणि फाइंड वापरून फक्त फोल्डरांना २७७५ द्या. पुढचा तो २ महत्त्वाचा, तो सेटजीआयडी, त्यामुळे आत बनणारं सगळं त्याच ग्रुपचं होतं, नाहीतर ज्याने बनवलं त्याचा प्रायमरी ग्रुप लागतो आणि परत रडगाणं. फाइलींना हात लावू नका. ऑब्जेक्ट फाइली मुद्दाम रीड ओन्ली ४४४ असतात, आणि ब्रँच पुढे सरकवताना गिट एक .लॉक फाइल बनवून ती रिनेम करतो, म्हणजे त्यालाही फोल्डरवरची परवानगीच पुरते.

मुळात इनिट करतानाच --शेअर्ड=ग्रुप दिलं असतं तर या सगळ्या सेटिंग आपोआप झाल्या असत्या. चालू रेपोवर परत इनिट मारलं तरी डेटा जात नाही, पण त्या मार्गाने गेलात तर तो रिसीव्ह.डिनायनॉनफास्टफॉरवर्ड्स पण ट्रू करून ठेवतो, म्हणजे फोर्स पुश (सर्व्हरवरचा इतिहास बदलणारं पुश) बंद. बरंच आहे म्हणा ते, पण माहीत असू द्या, नाहीतर उद्या नवा धागा काढाल.

दुसरा उपाय, जो मी स्वतः निवडेन: सहा लॉगिन हवेतच कशाला? सर्व्हरवर गिट नावाचा एकच युजर, पासवर्ड नाही, सगळ्यांच्या पब्लिक की (पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या) त्याच्या ऑथोराइज्ड कीज फाइलमध्ये, एका ओळीत एक. सगळ्या फाइलींचा मालक एकच, त्यामुळे परवानग्यांचा प्रश्नच उरत नाही. त्याचा लॉगिन शेल सीएचएसएच ने गिट-शेल करून टाका (आधी त्याचा पूर्ण पाथ /ईटीसी/शेल्स मध्ये आहे ना बघा). गिट-शेल फक्त पुश, फेच असल्याच गोष्टी चालवू देतो. कुणी नुसतं एसएसएच करून आत यायला बघितलं तर "इंटरॅक्टिव्ह गिट शेल इज नॉट एनेबल्ड" म्हणून बाहेर. ते दिसलं म्हणजे नीट झालं असं समजायचं, घाबरायचं नाही. आणि ऑथोराइज्ड कीजमध्ये प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला रिस्ट्रिक्ट हा शब्द टाका, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग वगैरे सगळं बंद. ओपनएसएसएच ७.२ पासून चालतो तो.

एसव्हीएनवाले_काका:
आमच्यासारख्या म्हाताऱ्यांचं पण ऐका थोडं. मोठमोठ्या डिझाइन फाइली असतील, ज्या मर्ज होऊच शकत नाहीत, तर सबव्हर्जन (म्हणजे एसव्हीएन, गिटसारखंच पण जुनं साधन) अजून काही मेलेलं नाही. एसव्हीएनॲडमिन क्रिएट, मग एसव्हीएनसर्व्ह -डी -आर आणि फोल्डरचा पाथ, झाला सर्व्हर, ३६९० पोर्टवर उभा. एसव्हीएन लॉक करून फाइल अडवून ठेवता येते, दुसरा बसून राहतो, भांडण नाही.

दोनच गोष्टी सांगतो. एक, कॉन्फ फोल्डरातल्या एसव्हीएनसर्व्ह.कॉन्फ मध्ये अॅनॉन-अॅक्सेस ही ओळ पुढे # ठेवून बंद ठेवलीत तर डीफॉल्ट रीड असतं, म्हणजे पोर्टपर्यंत पोचणाऱ्या कुणालाही वाचता येतं, ते नन करा. दोन, त्या ओळी उघडताना नुसतं # चिन्ह काढू नका, त्याच्या पुढची स्पेस पण काढा. ओळ स्पेसने सुरू झाली की "ऑप्शन एक्स्पेक्टेड" म्हणून लाइन नंबरसकट ओरडतो आणि माणूस त्या ओळीतलं स्पेलिंग तपासत बसतो, स्पेलिंग बरोबरच असतं. आणि पासवर्ड फाइल साध्या अक्षरांत असते, कुणालाही उघडून वाचता येईल अशी, म्हणून फाइलची परवानगी ६०० करा किंवा सरळ एसव्हीएन प्लस एसएसएच वापरा.

अर्धविराम:
रात्रपाळी, तुमच्या पाया पडते!! एलएस -एल मारून बघितलं, अगदी तेच. ३एफ नाही पण ए१ नावाचा फोल्डर, मालक दुसरा, ग्रुपला रीड आणि एक्झिक्युट, राइट नाही. आणि हो, मोठी पुश कधीच अडलेली नाहीत, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

काका, फाइली सगळ्या कोडच आहेत त्यामुळे गिटवरच राहतो, पण स्पेसचं लक्षात ठेवते.

आता दुसरा उपाय करतेय आणि अडकलेय. /एसआरव्ही/गिट मध्ये तुमच्या पहिल्या उपायाप्रमाणे सगळ्या फोल्डरांना २७७५ दिलं होतं, म्हटलं आधी आजचा दिवस तरी निघू दे. मग गिट युजर बनवला, त्याचं होम /एसआरव्ही/गिट हेच ठेवलं म्हणजे यूआरएल छोटी होईल, गिट अॅट सर्व्हर कोलन प्रोजेक्ट.गिट अशी. डॉट एसएसएच फोल्डर ७००, ऑथोराइज्ड कीज ६००, मालक गिट, सगळं नीट. तरी "परमिशन डिनाइड, पब्लिक की". की तीच आहे, माझ्या जुन्या लॉगिनला चालते. एसएसएच -व्ही मध्ये दिसतंय की की पाठवली जाते पण सर्व्हर घेत नाही.

रात्रपाळी:
होम फोल्डर! /एसआरव्ही/गिट स्वतः २७७५ आहे ना? एसएसएचडी (सर्व्हरवरचा एसएसएच प्रोग्राम) नुसता डॉट एसएसएच बघत नाही, होम फोल्डरपण बघतो. होममध्ये ग्रुपला लिहिता येत असेल तर ग्रुपमधला कुणीही डॉट एसएसएच बाजूला सारून स्वतःचा ठेवू शकेल, म्हणून तो की मानतच नाही. स्ट्रिक्टमोड्स म्हणतात त्याला. क्लायंटच्या बाजूने कितीही व्ही लावले तरी कारण दिसणार नाही, कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं, तिथे "बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर डिरेक्टरी" असं मिळेल बघा.

सीएचमॉड ७५५ करा होमला (सेटजीआयडी निघाला नाही तर जी-एस वेगळं द्या). आणि आता मालक एकच आहे तर सीएचओन -आर करून सगळं गिट:गिट करून टाका, ग्रुपबिपची गरज संपली. कोर.शेअर्डरिपॉझिटरीपण अनसेट करा. स्ट्रिक्टमोड्स नो करा असं कुणी सुचवेल, ते मात्र करू नका.

सगळ्यांना आपापल्या मशीनवर गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन करून नवा पत्ता द्यायला सांगा, परत क्लोन (रेपोची पूर्ण प्रत) करायची गरज नाही.

अर्धविराम:
झालं!! होमला ७५५ आणि लगेच चाललं. लॉगमध्येही हुबेहूब तेच वाक्य होतं.

आता दोन शंका. सर्व्हरवर माझ्या लॉगिनने त्या रेपोत जाऊन गिट लॉग मारलं तर "डिटेक्टेड ड्युबियस ओनरशिप" म्हणतो आणि सेफ.डिरेक्टरी सेट कर सांगतो. करू का? दुसरं, मी आज एक नवीन रेपो बनवला, त्यात पुश गेलं, पण दुसऱ्याने क्लोन केला तर फोल्डर रिकामा, "रिमोट हेड रेफर्स टू नॉनएक्झिस्टंट रेफ" अशी वॉर्निंग. डेटा आहे की गेला?

तिसरा_डोळा:
डेटा जागेवर आहे, घाबरू नका. सर्व्हरवरच्या रेपोचं हेड (मुख्य ब्रँच कुठली ते सांगणारी नोंद) मास्टर नावाच्या ब्रँचकडे बोट दाखवतंय आणि तुम्ही पुश केलीय मेन. क्लोन करणारा हेडने दाखवलेली ब्रँच चेकआउट करायला जातो, ती नाही म्हणून रिकामा. सर्व्हरवर त्या रेपोत गिट सिम्बॉलिक-रेफ हेड रेफ्स/हेड्स/मेन. पुढच्या वेळी इनिट करतानाच --इनिशियल-ब्रँच=मेन द्या, गिट २.२८ पासून आहे ते.

ड्युबियस ओनरशिप हे एप्रिल २०२२ मध्ये २.३५.२ सोबत आलं. दुसऱ्याच्या मालकीच्या रेपोत तुम्ही गिट चालवलं की त्या रेपोच्या कॉन्फिगमधून तुमच्या नावाने काहीही चालवता येत होतं, ते भोक बुजवलंय. म्हणून सेफ.डिरेक्टरीला स्टार देऊन, म्हणजे सगळेच रेपो सुरक्षित मानून, त्याला गप्प बसवू नका. सुडो -यू गिट लावून गिट युजर म्हणूनच कमांड चालवा. आणि खास सांगतो, रूट म्हणून त्या रेपोत जीसी किंवा इतर काही लिहिणारी कमांड कधीच नको. रूटच्या मालकीच्या फाइली आणि फोल्डर मागे राहतात आणि मग तुमचा तोच जुना एरर, यावेळी सगळ्यांनाच.

आणि एक गोष्ट रात्रपाळींनी सांगितली नाही. एकच गिट युजर म्हटल्यावर पुश कुणी केलं हे गिटला कळत नाही. कमिटवरचं नाव ज्याचं त्याने आपल्या कॉन्फिगमध्ये लिहिलेलं असतं, तिथे मी कुणाचंही नाव टाकू शकतो. एसएसएचडीच्या लॉगमध्ये कुठली की वापरली त्याचा फिंगरप्रिंट असतो, त्यावरून माणूस शोधता येतो पण ते किचकट. ब्रँचवार परवानग्या आणि नावानिशी लॉग हवा असेल तर गिटोलाइट लावा. तोही सगळा कमांड लाइनवरचाच, पर्लमध्ये लिहिलेला, वेब पान वगैरे काही नाही. गिटोलाइट सेटअप -पीके आणि तुमची पब्लिक की, मग तुम्हाला गिटोलाइट-अॅडमिन नावाचा रेपो मिळतो. त्यात कीडिर मध्ये सगळ्यांच्या की टाकायच्या, कॉन्फ मध्ये कुणाला काय ते लिहायचं, कमिट करून पुश केलं की लागू. आरडब्ल्यू म्हणजे साधं लिहिणं, आरडब्ल्यू प्लस म्हणजे फोर्स पुश आणि ब्रँच उडवणंसुद्धा. कोणी सोडून गेलं की की काढून पुश. परवानग्या कुणी कधी बदलल्या याचाही इतिहास गिटमध्येच राहतो, हे मला सगळ्यात आवडतं.

पण लक्षात घ्या, गिटोलाइट लावणार असाल तर गिट युजरचा शेल गिट-शेल ठेवून चालणार नाही. गिटोलाइट प्रत्येक कीला स्वतःची एक कमांड बांधून ठेवतो आणि एसएसएचडी ती कमांड युजरच्या लॉगिन शेलमधूनच चालवतो, गिट-शेल तिला ओळखत नाही आणि हाकलतो. शेल परत साधा करावा लागतो. म्हणजे दोन्ही कुलपं एकदम लावून दुप्पट सुरक्षा होत नाही, दार उघडतच नाही.

रात्रपाळी:
बरोबर आहे डोळा. पण सहा जण, सगळ्यांना सगळीकडे लिहायची मुभा, तर गिटोलाइटची घाई नको असं माझं मत. सहा ओळींची फाइल सहा ओळींचीच बरी. ज्या दिवशी "याला हा रेपो दिसता कामा नये" असं कुणीतरी म्हणेल त्या दिवशी लावा.

दोन_पेन:
मधेच घुसतो, धागा चांगला चाललाय म्हणून. माझाही साधारण असाच सर्व्हर आहे, बेअर रेपोत पोस्ट-रिसीव्ह हुक (पुश झाल्यावर आपोआप चालणारी स्क्रिप्ट) टाकलाय, तो टेस्टच्या फोल्डरात सीडी करून गिट पुल करतो. हाताने चालवला तर चालतो, पुशमधून चालला की "नॉट अ गिट रिपॉझिटरी" आणि पुढे अवतरणात नुसता एक टिंब. एक्झिक्युट बिट आहे. पाथ शंभर वेळा तपासला.

तिसरा_डोळा:
तो टिंबच सांगतोय सगळं. हुक चालवताना गिट हा गिट_डिर नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करून देतो, बेअर रेपोत त्याची किंमत असते टिंब, म्हणजे "इथेच". तुम्ही सीडी करून दुसरीकडे गेलात तरी व्हेरिएबल तसंच, मग तो तिथल्या फोल्डरालाच रेपो समजतो. हाताने चालवताना ते सेट नसतं म्हणून चालतं. सीडीच्या आधी अनसेट गिट_डिर अशी एक ओळ टाका.

खरं तर पुल करूच नका, तिथे दुसरा क्लोन कशाला? बेअर रेपोतूनच गिट --वर्क-ट्री= आणि फोल्डरचा पाथ, चेकआउट -एफ मेन, एवढंच पुरतं. हुक गिट युजर म्हणून चालतो, तेव्हा त्या फोल्डरात गिट युजरला लिहिता आलं पाहिजे. आणि पोस्ट-रिसीव्ह आपटला तरी पुश झालेलंच असतं, ते मागे फिरत नाही. अडवायचं असेल तर प्री-रिसीव्ह हुक, तो पुश स्वीकारण्याआधी चालतो.

दोन_पेन:
अनसेटने झालं. वर्क-ट्रीवालं पण करून बघतो, धन्यवाद.

एसव्हीएनवाले_काका:
सगळं झालं, बॅकअपचं कुणी बोलेना. आमच्यात एसव्हीएनॲडमिन हॉटकॉपी मारली की चालू सर्व्हरची हुक, कॉन्फिगसकट कॉपी. तुमच्यात काय?

अर्धविराम:
काका, तेच विचारणार होते. सध्या दुसऱ्या मशीनवर गिट क्लोन --मिरर करून ठेवलाय आणि रोज रात्री क्रॉनमधून रिमोट अपडेट --प्रून. सगळ्यांच्या मशीनवर क्लोन असतातच, म्हणून एवढं पुरे ना?

रात्रपाळी:
नाही पुरत, आणि कारण ते प्रून. कुणी चुकून सर्व्हरवरची ब्रँच उडवली तर रात्री तुमचा मिररही आज्ञाधारकपणे ती उडवणार. फोर्स पुशचं तेच. मिरर म्हणजे आरसा, सर्व्हरवर जे आहे ते दाखवणार, कालचं नाही. सगळ्यांच्या क्लोनचंही तसंच आहे, प्रत्येकाकडे त्याने शेवटचं फेच केलं तेव्हाचं आणि त्याला हव्या त्या ब्रँचेसचं असतं, आणीबाणीत उपयोगी, बॅकअप म्हणायला नको.

तीन गोष्टी करा. सर्व्हरवर रिसीव्ह.डिनायडिलीट्स (ब्रँच उडवायला बंदी) आणि डिनायनॉनफास्टफॉरवर्ड्स दोन्ही ट्रू. मग कोर.लॉगऑलरेफअपडेट्स ट्रू, कारण बेअर रेपोत रिफ्लॉग (ब्रँच आधी कुठे होती त्याची नोंद) बाय डीफॉल्ट बंद असतो, आपल्या मशीनवर सवय असते म्हणून सर्व्हरवरही असेल असं वाटतं आणि गरज पडते तेव्हा कळतं की नाहीये. (ब्रँच डिलीट झाली की तिचा रिफ्लॉगही जातो, म्हणून डिनायडिलीट्स आधी.) आणि रोजचं गिट बंडल क्रिएट, तारखेची फाइल, --ऑल देऊन. एकच फाइल बनते, कुठेही कॉपी करा, त्यावरून सरळ क्लोन होतं. गिट बंडल व्हेरिफाय आहेच, पण महिन्यातून एकदा खरोखर त्यातून क्लोन करून गिट एफएससीके (सगळे ऑब्जेक्ट धड आहेत ना याची तपासणी) मारून बघा. जुन्या फाइली किती ठेवायच्या ते डिस्क बघून ठरवा.

मात्र काका म्हणतात ती गोष्ट खरी आहे, बंडल असो की मिरर, हुक आणि सर्व्हरवरचं कॉन्फिग त्यात येत नाही. शिवाय ऑथोराइज्ड कीज रेपोच्या बाहेर. ते टारने एका फाइलीत बांधून वेगळं ठेवा.

अर्धविराम:
केलं सगळं. एका रिकाम्या मशीनवर बंडलमधून रेपो उभा केला, --बेअर देऊन क्लोन, हुक आणि कॉन्फिग टारमधून. एफएससीके स्वच्छ, फक्त दोनचार डँगलिंग कमिट. पण फेच करताना एक सहकारी म्हणतो ओरिजिन म्हणून बंडल फाइलचा पाथ दिसतोय कॉन्फिगमध्ये. आणि ते डँगलिंग म्हणजे काही तुटलंय का?

तिसरा_डोळा:
ते कॉन्फिग कदाचित क्लोनने बनवलेलं असेल, टारमधलं त्यावर पडलं नसेल, बघा एकदा. नसेल पडलं तर डिनायडिलीट्स वगैरेही तिथे नाहीत असं समजा. ओरिजिनची गरज नाही, गिट रिमोट रिमूव्ह ओरिजिन.

डँगलिंग म्हणजे ज्यांच्याकडे कुठलीच ब्रँच, टॅग किंवा दुसरं ऑब्जेक्ट बोट दाखवत नाही असे ऑब्जेक्ट, तुटलेलं नाही. मिसिंग किंवा करप्ट दिसलं तर इथे या. फक्त एक खटकतंय, बंडल ताजं असेल तर त्यातून काढलेल्या क्लोनमध्ये डँगलिंग असायला नकोत, बंडलमध्ये ब्रँचेस आणि टॅगपर्यंत पोचणारंच येतं. एफएससीके नव्या मशीनवर मारलं की चुकून जुन्यावर? टर्मिनल कुठल्या मशीनचं आहे ते प्रॉम्प्टवर बघा आणि परत मारा.

अर्धविराम:
जुन्यावर होतं, दोन खिडक्या शेजारी उघड्या होत्या. नव्यावर मारलं, एकही ओळ नाही. कॉन्फिगही तुम्ही म्हणालात तसंच, क्लोननंतर टार सोडायचं राहिलं होतं, आता बसवलं आणि ब्रँच उडवून बघितली तर सर्व्हर नाही म्हणाला.